तंत्रज्ञान आणा, पण कागद आधी दाखवा

(कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी येथील जिल्हा बैठकीत ज्येष्ठ नेते व तालुकाप्रमुखांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलल्याप्रमाणेच छापला आहे.)



आज घोषणा द्यायच्या नाहीत. आपली वडीलधारी मंडळी लवकरच कृषी खात्याच्या साहेबांपुढे बसणार आहेत. विषय कापसाचा आहे. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. शास्त्र आणि तंत्रज्ञानाची जोड देऊ, लांब धाग्याच्या कापसाला उत्तेजन देऊ, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सरकार कुठले तरी तंत्रज्ञान घेणार. देशातल्या संस्थेकडून घेईल, बाहेरच्या कंपनीकडून घेईल, नाहीतर दोघांकडून. साहेब पडद्यावर रंगीत चित्रे दाखवतील. त्या वेळी आपल्या लोकांनी नेमके काय विचारायचे, एवढेच सांगायला आम्ही उभे आहोत.

मागे एका बैठकीत एक तात्या म्हणाले, "आम्हाला त्या जनुकाबिनुकातले काय कळते? ते तुम्ही शिकलेल्यांनी बघावे." तात्या, जनुकातले कळले नाही तरी चालेल. सौद्यातले तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. बैल घेताना तुम्ही दात बघता, चालवून बघता, आणि दावे हातात घेण्याआधी साक्षीदारासमोर ठरवता की बैल बसका निघाला तर काय. सरकार तंत्रज्ञान घेते तो असाच एक सौदा असतो. फरक इतकाच की पैसे आपण देतो आणि दात बघायला आपल्याला कोणी बोलावत नाही.

आधी ज्वारीची गोष्ट सांगतो, कारण ती चांगल्या सौद्याची आहे. 1964 साली सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. तिची आई म्हणजे सीके-60 ही नरवंध्य जात, अमेरिकेतून आलेली. त्या काळात रॉकफेलर प्रतिष्ठान आणि आपल्या कृषी संशोधन परिषदेच्या सहकार्यातून हे काम झाले. म्हणजे तंत्रज्ञान बाहेरचेच होते. पण त्या संकराचे आई-बाप सरकारी संशोधन केंद्रांत राहिले. ज्याला बी तयार करायचे त्याने पायाभूत बियाणे घ्यावे आणि करावे. त्यामुळे बियाणे महामंडळांनी केले, खासगी कंपन्यांनी केले, आणि शेतकऱ्यांनी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतले. चवीला ती ज्वारी मालदांडीच्या पासंगाला लागत नव्हती, भाकरी वातड व्हायची, पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. ते सगळे खरे. पण बियाण्यावर एकाची मालकी नव्हती.

आपला जालना बियाण्यांचे गाव झाला तो याच काळात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको काढली. त्यांची सुरुवात भेंडीच्या पुसा सावनी या दिल्लीच्या सरकारी संस्थेच्या जातीपासून झाली होती. सरकारी संशोधन, खासगी मेहनत आणि शेतकऱ्याचे रान असा तो मेळ होता. 1998 साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे. आम्ही कंपन्यांचे वैरी म्हणून इथे बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता कापसाकडे येऊ. 1990 च्या सुमारास दिल्लीच्या जैवतंत्रज्ञान विभागाची अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीशी बोलणी सुरू झाली. बीटीचे जनुक सरकारनेच विकत घ्यावे, आपल्या संस्थांनी ते आपल्या वाणांत घालावे, असा विचार होता. 1993 पर्यंत ही बोलणी फिसकटली. कंपनी मागते ती फी फार आहे, असे सरकारी बाजूचे मत पडले.

भावांनो, हा क्षण नीट लक्षात ठेवा. सरकारला महाग वाटले म्हणून सरकारने घेतले नाही. म्हणून ते तंत्रज्ञान भारतात यायचे थांबले का? 1995 साली महिकोला परवानगी मिळाली ती फक्त 100 ग्रॅम बियाणे आणण्याची. कोकर-312 नावाच्या अमेरिकन वाणाची ती सरकी. 100 ग्रॅम म्हणजे चहाच्या लहान पुड्याएवढी. 1998 साली मोन्सॅन्टोने महिकोत 26 टक्के भाग घेतला आणि दोघांची मिळून वेगळी कंपनी निघाली. 26 मार्च 2002 ला दिल्लीच्या समितीने महिकोच्या तीन बीटी संकरांना मंजुरी दिली. तेव्हा आम्ही कृषी पदवीच्या शेवटच्या टप्प्यात होतो. वसतिगृहात एक पेपर दहा जणांत फाटेपर्यंत वाचला होता.

त्याआधीच 2001 मध्ये गुजरातेत नवभारत-151 हे विनापरवाना बीटी बियाणे हजारो एकरांवर उभे असल्याचे उघडकीस आले. सरकारने उभे पीक जाळा म्हणून हुकूम काढला, शेतकऱ्यांनी आणि शेतकरी संघटनांनी तो मानला नाही. म्हणजे दारे तीन झाली. पहिले दार सरकारचे, ते सरकारने स्वतःच लावून घेतले. दुसरे दार कंपनीचे, ते उघडले पण तिकीट जबर. आणि तिसरे मागचे दार, अंधारातले.

तिकीट किती होते? 450 ग्रॅमची बीटी पिशवी 1,600 रुपयांना, त्या वेळी साध्या संकरित कपाशीची पिशवी 450 रुपयांच्या आसपास होती. आंध्र सरकार 2006 साली एकाधिकार आयोगापुढे गेले. पिशवीमागे 1,250 रुपये नुसता तंत्रज्ञानाचा मोबदला घेतला जातो, अमेरिकेत तेवढ्याच बियाण्याला 108 रुपये पडतात, अशी त्यांची तक्रार होती. मग आंध्राने 750 रुपयांची कमाल किंमत बांधली आणि पाठोपाठ आपल्याकडेही भाव खाली आले. 1993 साली सरकारने दिल्लीत जे पैसे वाचवले, ते चार हंगाम आपण कृषी केंद्राच्या काउंटरवर मोजले. हा हिशेब कुठल्याही सरकारी कागदावर तुम्हाला सापडणार नाही.

पण पैशाची गोष्ट एवढ्यावर सोडतो. त्याहून मोठे नुकसान दुसरेच झाले आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

कंपनीने बीटी जनुक संकरित वाणांत दिले. कंपनीच्या बाजूने ते बरोबरच होते. संकराची सरकी घरी ठेवून पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून शेतकरी दरवर्षी दुकानात येतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बीटी कापूस सरळ वाणांत आहे. चीनने तर स्वतःच्या सरकारी संस्थेचे बीटी जनुक तयार केले आणि 1997 साली परदेशी कंपनीच्या बरोबरीने ते बाजारात उभे केले. आपल्याकडे जवळपास सगळा देश संकरित बीटीवर गेला.

संकर वाईट असे आम्ही म्हणत नाही. 1970 साली सुरतच्या केंद्रातून आलेला एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, आणि आपल्या नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-44 कोरडवाहू रानात कित्येक वर्षे चालला. पण हलक्या रानात काय होते ते बघा. खाली गोदाकाठाला, कालव्याच्या पाण्यावर, लांब मुदतीचा संकर फळतो. वर मुरमाड, वीतभर मातीच्या रानात ऑक्टोबर लागला की ओल संपते. झाडाला बोंडे लागलेली, पोसायला पाणी नाही, पाने लाल. तुम्ही त्याला लाल्या म्हणता. तिथे 140-150 दिवसांत आटपणारा, बुटका, दाट पेरता येणारा वाण हवा होता. तो आपल्याला मिळाला नाही, कारण जनुक ज्याच्या हातात होते त्याला तो विकण्यात फायदा नव्हता, आणि ज्याला द्यायचा होता त्या सरकारच्या हातात जनुक नव्हते.

आता गुलाबी अळी. इथे थोडे वर्गातल्यासारखे बोलतो, माफ करा. संकराचे झाड बीटी असते, पण बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी. संकराच्या एकाच बाजूकडून बीटी जनुक आले असेल तर बोंडातल्या चार सरक्यांपैकी साधारण एक सरकी बीटीविना निघते. बीजी-2 मध्ये जनुके दोन, त्यामुळे हिशेब किचकट, पण तिथेही सगळ्या सरक्या सारख्या नसतात. गुलाबी अळी खाते काय? सरकी. एकाच बोंडात विषारी, अर्धवट विषारी आणि साधी असे ताट वाढलेले. अळी हळूहळू पचवायला शिकते. सरळ वाणात सगळी सरकी एकसारखी असते. त्यात लांब मुदतीचे पीक आणि फरदड, म्हणजे अळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जेवण चालू.

दोष आपलाही आहे, तो झाकत नाही. पिशवीबरोबर 120 ग्रॅमची बिगरबीटीची छोटी पुडी यायची. कडेने पेरा, म्हणजे अळीला प्रतिकार यायला वेळ लागेल, असे सांगितले होते. किती जणांनी पेरली? हात वर करा. (एकही हात वर झाला नाही.) आमच्या घरची पुडीही गोठ्याच्या कोनाड्यात पडून होती, आणि आम्ही तर शेतकीचे पदवीधर.

गुजरातेत 2009-10 च्या सुमारास बीजी-1 गुलाबी अळीपुढे पडले. 2014-15 पासून बीजी-2 पडू लागले. आणि 2017 आपल्या राज्यात आले. डोमकळ्या दिसल्या तेव्हा फुलांना काहीतरी झाले एवढेच लोकांना वाटले. मग बोंड फोडून बघितले तर आत कवडी. फवारण्या वाढल्या, यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसे गेली. नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये जाहीर झाले. त्याची फोड तुम्हाला आठवते का? आपत्ती निधीतून 6,800, विम्यातून 8,000 आणि बियाणे कंपन्यांकडून 16,000. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम ज्याच्याकडून यायची, त्याच्याशी तसा कुठलाही करार कोणी केलेलाच नव्हता. 'जी' फॉर्म भरा म्हणाले. आमच्या वडिलांनी पाच एकरांचा भरला, पिशवीची पावती जोडली, टॅग जोडला. टॅग नसता तर अर्जच घेत नव्हते. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा पऱ्हाटी उपटून गहू टाकून झाला होता. वडील त्याला म्हणाले, "साहेब, पऱ्हाटी चुलीत गेली, राख दाखवू का?"

ज्येष्ठ मंडळींनी इथे खूणगाठ बांधायची आहे. तंत्रज्ञान थकल्यावर भरपाई कोणी द्यायची, हे तंत्रज्ञान येतानाच लिहून घ्यावे लागते. पीक गेल्यावर विधानसभेत जाहीर केलेली रक्कम वाद आणि सुनावण्यांत अडकते.

आता सरकारने स्वतः बीटी केले तेव्हा काय झाले तेही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल, आम्ही नुसते सरकारकडे बोट दाखवून सरकारीच मागतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या विद्यापीठाबरोबर बिकानेरी नरमा हा सरळ वाण बीटी केला. 2008 मध्ये मंजुरी, 2009 च्या खरिपात शेतकऱ्याच्या हाती. स्वस्त, आणि सरकी घरी ठेवता येणारा. आम्हाला त्या वर्षी खरोखर आनंद झाला होता. पण वर्ष संपायच्या आत विक्री थांबली. सरकारी म्हणून दिलेल्या बियाण्यात मोन्सॅन्टोच्याच मॉन-531 चा अंश सापडला. डॉ. सोपोरी समितीने 2012 मध्ये त्यावर अहवाल दिला. आपला एनएचएच-44 त्याच जनुकावर बीटी करायचे चालले होते, तोही अडकला.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. मॉन-531 चे भारतात पेटंटच नव्हते. म्हणजे जे उघडपणे, नाव सांगून वापरता आले असते, त्याचा घोळ घालून सरकारने स्वतःची अब्रू घालवली. पुढे 2016-17 नंतर त्याच जुन्या जनुकाचे सरळ बीटी वाण सरकारी संस्थांनी आणले. तोपर्यंत गुलाबी अळीला त्या जनुकाचे काही वाटेनासे झाले होते. हिरव्या बोंडअळीला ते अजून चालते, हे खरे आहे, आणि म्हणून ते वाण टाकाऊ नाहीत. पण पंधरा वर्षे उशीर झाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2015 च्या केंद्रीय आदेशाने बियाण्याचे भाव बांधले. तंत्रज्ञानाचा मोबदला 2016 ला पिशवीमागे 49 रुपयांवर आला, 2018 ला 39, 2019 ला 20 आणि 2020 ला शून्य. बीजी-2 च्या पेटंटची मुदतही 2019 मध्ये संपली. आपण टाळ्या वाजवल्या. पण 2016 मध्येच महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या बीटी वाणाचा अर्ज मागे घेतला. तंत्रज्ञान सक्तीने वाटून घ्यायला लावणाऱ्या सरकारी मसुद्यामुळे, असे कारण दिले. मग काय झाले ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तणनाशकाचे बियाणे आलेच. बिनापावतीचे, बिनाटॅगचे, रात्री मोटारसायकलवर. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीर इथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून कायदेभंग केला. खुरपणीच्या मजुरीने बेजार झालेल्या माणसाला ते बियाणे का लागते हे आम्ही समजू शकतो. पण ते उगवले नाही तर 'जी' फॉर्मला जोडायला पावती कुठली?

म्हणून नुसते "स्वस्त द्या" ही मागणी घेऊन जाऊ नका. साहेब लगेच हो म्हणतील. शून्य रुपयांचे तंत्रज्ञान आपल्याला मिळाले आहे आणि त्याचा उपयोग आपण भोगतो आहोत. देशाची रुईची उत्पादकता 2001-02 मध्ये हेक्टरी 308 किलो होती, 2007-08 ला 554 पर्यंत चढली आणि नंतर बरीच खाली घसरली. रॉयल्टी गेली, उतारही गेला.

मग विचारायचे काय? पहिला प्रश्न: जे घ्याल ते सरळ वाणांत मिळणार का? हा प्रश्न आम्ही सगळ्यांच्या वर ठेवतो, त्याचे कारण आकड्यात सांगतो. सध्या दाट लागवडीचा गाजावाजा आहे, 90 बाय 15 सेंटीमीटर. हलक्या रानाला ती पद्धत चांगली आहे, आम्ही स्वतः तिची शिफारस करतो. एकरात झाडे बसतात जवळपास 30 हजार. संकराच्या पिशव्या लागतात पाच ते सहा. 2025 च्या हंगामात बीजी-2 ची पिशवी 901 रुपयांना होती. म्हणजे एकरी पाच हजारांचे बियाणे, तेही कोरडवाहूला, जिथे मृगाने दगा दिला की दुबार पेरणी. हे गणित बसत नाही. सरळ वाण असला तर दुसऱ्या वर्षी आपलीच सरकी, गंधकाच्या तेजाबाने तंतू काढून, तयार. आपल्याच परभणीच्या विद्यापीठाने अलीकडे सरळ बीटी वाण दिले आहेत. त्यांचे बियाणे किती क्विंटल तयार होते आणि जिल्ह्याला किती येते, एवढे विचारले तरी बैठकीत शांतता पसरेल.

दुसरे, करार दाखवा. मराठीत. जनुक कोणाचे, पेटंट कुठे आणि किती वर्षांचे, मोबदला एकदाच की पिशवीमागे, एका कंपनीला की मागेल त्याला. मे 2025 मध्ये केंद्राने जनुक-संपादनाच्या दोन भातजाती जाहीर केल्या. संशोधन आपल्याच संस्थांचे, कौतुकच आहे. पण ज्या कात्रीने ते संपादन होते त्या कॅस-9 तंत्राची पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत. उद्या ज्वारीत आणि कापसात तेच येणार. परवाना बी विकायच्या आधी घेतला की नंतर, हा प्रश्न भाताच्या लोकांना पडला नाही तरी आपल्याला पडला पाहिजे. 1993 चा अनुभव आपल्याला आहे.

तिसरे, चाचणी कुठे घेणार? विद्यापीठाच्या काळ्या, ठिबकच्या रानात नको. आपल्या जिल्ह्यात बदनापूरला संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या देखरेखीखाली, हलक्या रानात, पावसाच्या पाण्यावर, शेतकऱ्याच्या मजुरीच्या दरात घ्या. आणि आकडे आपल्यासमोर वजनकाट्यावर काढा.

चौथे आधीच बोललो. अळीचा प्रतिकार दरवर्षी कोण तपासणार, निकाल गावात कधी सांगणार, आणि 2017 पुन्हा झाले तर कोणत्या खात्यातून, किती दिवसांत, टॅग हरवला असला तरी. अमेरिकेने गुलाबी अळी देशातून घालवल्याचे 2018 मध्ये जाहीर केले. तिथे बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडले आणि पिकाची मुदत सगळ्यांनी मिळून पाळली. नुसत्या पिशवीने ते झालेले नाही. आपल्याकडे फरदड कोणी ठेवायची नाही हा ठराव ग्रामसभेत आपणच केला पाहिजे. त्याला सरकार कशाला हवे? (एक आवाज: "आणि भाव मिळाला नाही तर फरदड नाहीतर काय ठेवायचे?") बरोबर आहे काका. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीलाच घर चालले तर फरदडीचा मोह होत नाही. 2025 मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचे आयातशुल्क काढले. एका हाताने उत्पादकतेचे अभियान आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा कापूस. हाही प्रश्न साहेबांना विचारा, पण शेवटी. सुरुवातीला विचारलात तर "हा विषय आमच्या खात्याचा नाही" म्हणून बैठक तिथेच गुंडाळतील.

एक शेवटची गोष्ट, कामाची. आपल्या मंडळींनी तोंडी बोलू नये, कागद घेऊन जावे. प्रत्येक गावातून दहा जणांनी मागच्या तीन हंगामांच्या बियाण्याच्या पावत्या, किती पिशव्या लागल्या आणि एकरी किती क्विंटल झाला, एवढे एका फुलस्केपवर लिहून आणावे. ज्यांनी पावतीविना पेरले त्यांनीही आकडा लिहावा, नाव लिहू नये. 2017 चे 'जी' फॉर्मचे झेरॉक्स ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते वेगळे द्यावेत. आमच्या वडिलांचा आम्ही आणला आहे, तो सर्वांत वर ठेवतो. घनसावंगी आणि अंबडचे कागद इथेच जमा करा, परतूर-मंठ्याचे परतूरला. आता प्रश्न विचारा.